आमच्या घराला जुळणारं मांजर

३ मार्च, सोमवार

मांजर पाळायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. आमच्याकडे ते एकच.

कारण लिहून ठेवतो. आमच्या शोरूमचं गोडाऊन सांभाळणारा आज जेवताना सांगत होता की संध्याकाळी तो घरी पोचला की त्याचं मांजर दारात येऊन बसलेलं असतं. पायात घोटाळतं म्हणे. या माणसाला आजतागायत सोफा सरळ धरून उचलता आलेला नाही, आणि त्याच्यासाठी दारात कोणीतरी येतं. माझ्यासाठी कोण येतं? मी किल्ली लावून स्वतःच आत येतो. तक्रार नाही. पण मला याचं वाईट वाटतं, आणि इथे लिहायला हरकत नाही.

घरी जाहीर केलं. बायकोच्या हातातला डाव खाली पडला. कन्येने फोन बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं, हे बऱ्याच महिन्यांनी घडलं. आई म्हणाली, मांजर कशाला रे? तिचा आवाज जरा चिरकलाच. अचानक आनंद झाला की असं होतं.

जात मीच निवडणार. मी फर्निचर शोरूमचा फ्लोअर मॅनेजर आहे. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याला कोणता सोफा लागणार हे मला कळतं. माझा नियम सोपा आहे: काय हवं ते विचारायचं नाही, घरात कोण कसं बसतं ते विचारायचं. मांजराचंही तेच. आधी घराचा स्वभाव बघायचा, मग मांजराचा. घराचा स्वभाव मला पाठ आहे. शांत.

अटी दोनच. मी आलो की त्याने दारात यावं. आणि सोफ्याला नख लावू नये.

४ मार्च, मंगळवार (सुट्टी)

दिवसभर अभ्यास. व्हिडिओ पाहिले.

सयामी बाद. गुण बायकोला मोठ्याने वाचून दाखवले. सतत बोलत राहतं, प्रत्येक कामात नाक खुपसतं, लक्ष दिलं नाही की रुसतं, सगळ्यांनी आपल्या अवतीभवती नाचावं अशी अपेक्षा ठेवतं. म्हटलं, असा प्राणी घरात कोण सहन करेल? बायको म्हणाली, होते हो सवय. ही बाई कधीकधी विचार न करता बोलते.

आई दिवसभर खोलीत, दार लावून. तिचे गुडघे मंगळवारीच का दुखतात कळत नाही. कन्याही मंगळवारी तिच्याच खोलीत अभ्यासाला बसते. आजीला सोबत. संस्कार चांगले झाले आहेत.

६ मार्च, गुरुवार

पर्शियन विचाराधीन. दिसायला भारदस्त. पण केस फार गळतात म्हणे.

केसांवरून आठवलं. आज शोरूममध्ये एका बाईंनी माझ्या काळ्या पँटवरचे पांढरे केस दाखवले. घरी विचारलं. बायको म्हणाली, आईंचे असतील. आई म्हणाली, वय झालं रे बाबा आता. आईला डॉक्टरांकडे न्यायला हवं. पँटच्या घोट्यापाशी केस गळणं हे लक्षण मला बरं वाटत नाही.

पर्शियन बाद. घरात केस गळणारं एक माणूस पुरे.

९ मार्च, रविवार

आज बोलावं लागलं.

आमचा सोफा क्रीम रंगाचा, तीन जणांचा, शोरूममधला डिस्प्ले पीस. मी आणला तेव्हा त्यावर कंपनीचं प्लास्टिक होतं आणि ते अजून आहे. काढायचं, पण योग्य वेळी. तोवर पाहुणे बसतात, मी बसतो. घरच्यांसाठी खुर्च्या आहेत. प्लास्टिकची लेबलची बाजू मागच्या डाव्या कोपऱ्यात असते. आज ती पुढे उजवीकडे होती.

मी ओरडलो नाही. एकदा शेवटचं सांगतो, असं म्हणून नीट समजावलं. प्लास्टिक म्हणजे काय, फॅब्रिक म्हणजे काय, घाम म्हणजे काय. जेवण थोडं गार झालं. सगळ्यांनी मान डोलावली. कोणाचंही काही म्हणणं नव्हतं. अशी एकवाक्यता फार कमी घरांत असते.

बसलो तेव्हा प्लास्टिकखालची मधली गादी गरम लागली. भिंतीतून वायर जात असणार. इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

आणखी एक गोष्ट. माझी स्कूटर खाली थांबली की वर धावपळ ऐकू येते. किल्ली लावेपर्यंत चालू असते. म्हणजे स्वागताची इच्छा आहे. फक्त दारापर्यंत कोणी पोचत नाही.

११ मार्च, मंगळवार (सुट्टी)

शास्त्रशुद्ध पद्धतीने जायचं ठरवलं. घराच्या स्वभावाबद्दल प्रत्येकाचं मत घेतलं.

आईला बंद दाराबाहेरून विचारलं. ती म्हणाली, मला नीट ऐकू येत नाही. मी म्हटलं, मग उत्तर कसं दिलंस? बायको म्हणाली, तुम्ही लिहा काय ते, माझी सही घ्या हवं तर. कन्येने विचारलं, स्वभाव दिवसाचा की संध्याकाळचा? म्हटलं, घराचा स्वभाव काय शिफ्टमध्ये चालतो? ती म्हणाली, जाऊ दे बाबा. या पिढीला साध्या प्रश्नाचं साधं उत्तर देता येत नाही.

निष्कर्ष: घर शांत, एकोप्याचं. मांजर तसंच हवं.

१३ मार्च, गुरुवार

निर्णय झाला. रशियन ब्लू. राखाडी, रुबाबदार, आवाज नाही, आणि एका माणसाला जीव लावतं. तो माणूस कोण असणार हे सांगायला नको.

मांजरवाल्या बाईंना फोन केला. त्या या जातीची मांजरं वाढवतात आणि घर पाहिल्याशिवाय देत नाहीत. मला हे आवडलं, मीही असाच आहे. त्यांनी विचारलं, घरात आरडाओरडा होतो का? या जातीला सोसत नाही. मी सांगितलं की माझा आवाज चढलेला आजवर कोणी ऐकलेला नाही. बाई म्हणाल्या, फोन जरा तोंडापासून लांब धरता का?

मंगळवारी येतायत. सोबत एक मांजर आणणार, जुळतंय का बघायला.

घरी सांगितल्यावर बायको लगेच आईच्या खोलीत गेली. तिघींची बराच वेळ कुजबुज चालली. उत्साह ओसंडून वाहतोय.

१५ मार्च, शनिवार

दूध जास्त लागतंय. विचारलं. आई रात्री पिते म्हणे. आठवड्यात दोनदा मासे येतात आणि माझ्या ताटात शेपटीकडचाच तुकडा येतो. हेही विचारलं. आईला पौष्टिक लागतं म्हणे. एवढं खाऊन केस गळतात म्हणजे कमालच झाली.

१८ मार्च, मंगळवार (सुट्टी)

मांजरवाल्या बाई येऊन गेल्या. व्यावसायिकता अजिबात नाही.

त्यांचं मांजर सुंदर होतं, प्रश्नच नाही. पेटीतून बाहेर आलं, मी पुढे केलेला हात हुंगलासुद्धा नाही, आणि सरळ आईच्या बंद दारासमोर जाऊन बसलं. पाठीवरचे केस उभे. दाराच्या फटीला नाक लावून फिस्कारायला लागलं. आत आईला खोकल्याची मोठी उबळ आली.

बाईंनी विचारलं, घरात दुसरं मांजर आहे का हो?

मला हसू आवरेना. म्हटलं, बाई, या घरात माझ्या नकळत पानही हलत नाही. बाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पंख्याकडे पाहिलं. कन्येला एकाएकी तहान लागली.

मग मी बाईंना घराचे नियम सांगायला घेतले. सोफ्याचं, प्लास्टिकचं, लेबलचं. तर ते मांजर सोफ्याखाली शिरलं आणि काही केल्या बाहेर येईना. मी त्यालाही समजावलं. बायकोने वाकून नुसतं चुचकारलं तर आलं. तिला हे जमतं कसं, तिने मांजर कधी पाळलं नाही.

बाई म्हणाल्या, हे तुमच्याकडे नाही राहायचं, झुरेल. तुमच्या घराला अंग चोरून राहणारं मांजर हवं. मी म्हटलं, तशी जात कोणती? त्यावर त्या बायकोबरोबर स्वयंपाकघरात चहा प्यायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून हसणं ऐकू येत होतं. मी गेलो तर थांबलं.

जाताना बाईंनी बायकोचा हात हातात घेतला. माझ्याशी नुसता नमस्कार. रशियन ब्लू बाद. फाजील लाडावलेली जात आहे.

२२ मार्च, शनिवार

गोडाऊनवाल्याने विचारलं, साहेब, आलं का मांजर? म्हटलं, घाईची कामं तुझी, माझी नाहीत. तो म्हणाला, आमचं तर काल पावलं ओळखून जिन्यातच आलं. उद्यापासून डबा वेगळा खायचा.

ब्रिटिश शॉर्टहेअर नक्की. थंड डोक्याचं, जाड कातडीचं. जे आधी सुचायला हवं होतं ते आत्ता सुचलं, एवढंच.

२६ मार्च, बुधवार

काय लिहायचं ते कळत नाही. झालं तसं लिहितो.

दुपारी शोरूमची वीज गेली. येणार नाही म्हणाले. सगळ्यांना घरी सोडलं. स्कूटर मेकॅनिककडे होती म्हणून चालत निघालो. वाटेत मांजराचा वाडगा आणि नखं घासायचा खांब घेतला. खांब महागातला, दोर गुंडाळलेला.

जिना चढलो. दार हवेसाठी किलकिलं उघडं होतं. आतून हसण्याचा आवाज. मला वाटलं पाहुणे आलेत.

सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलं होतं. चपलांच्या कपाटावर घडी करून ठेवलं होतं. घडीच्या रेघा पांढऱ्या पडलेल्या. असं एका दिवसात होत नाही, हे मला धंद्यामुळे कळतं. बायको सोफ्याच्या हातावर पाय टाकून आडवी होती. ती अशी आडवी होते हेच मला माहीत नव्हतं. कन्या तिच्या पायांशी मांडी घालून. आणि दोघींच्या मधल्या गादीवर मांजर. पांढरं, एक कान कुरतडलेला, पोट वर करून झोपलेलं.

आई उभी होती. तिच्या गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. कमरेवर हात, मान थोडी तिरकी, आणि म्हणत होती, एकदा शेवटचं सांगतो, घाम म्हणजे काय. हुबेहूब. भुवईसुद्धा. आई नकला करते हे मला पन्नाशीत कळलं. बायकोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, इतकी हसत होती.

आत जाऊन जाब विचारायचा, असं मनात आलं होतं. हातातला खांब जड होता. तो सावरताना किल्ल्या वाजल्या.

आधी मांजर उठलं. म्याव नाही, काही नाही. सरळ आईच्या खोलीत. मागोमाग आई, धावत. बायको आणि कन्येने प्लास्टिक दोन टोकांनी उचललं, झटकलं, पसरलं. एक शब्द न बोलता. लेबल मागच्या डाव्या कोपऱ्यात. शोरूमच्या माणसांना मी इतकी वर्षं शिकवतोय, त्यांना हे जमत नाही.

दाराकडे कोणीही पाहिलं नाही. मी थोडा वेळ जिन्यातच थांबलो आणि मग बेल वाजवली. बायकोने दार उघडलं. म्हणाली, अहो, आज लवकर? चेहरा रोजचाच होता. म्हटलं, वीज गेली.

सोफ्यावर बसलो. मधली गादी गरम होती. इलेक्ट्रिशियनला कळवायला हवं, काम नाही म्हणून.

२९ मार्च, शनिवार

तीन दिवस कोणाला काही बोललो नाही. सगळ्यांना वाटलं मी आजारी आहे. आईने कपाळाला हात लावून पाहिलं.

१ एप्रिल, मंगळवार (सुट्टी)

सकाळी प्लास्टिक मी स्वतः काढलं. खाली कचऱ्यात नेऊन टाकलं. वर येऊन सगळ्यांना म्हटलं, बसा. तिघी बसल्या. पाठी ताठ, हात गुडघ्यांवर. दातांच्या डॉक्टरांकडे बसतात तशा.

म्हटलं, तिला पण आणा. बायको म्हणाली, कोणाला? म्हटलं, पांढरीला.

मग आई उठली आणि तिला कडेवर घेऊन आली. नाव गुंडी. दोन वर्षं झाली.

मी रागावलो नाही. खरंच नाही. फक्त विचारलं की हिला निवडलं कोणी आणि कशावरून. मला जात बघायची होती, स्वभाव बघायचा होता, मी महिनाभर अभ्यास केला होता. कन्या म्हणाली, बाबा, अभ्यास आम्ही पण केला. आधी एक बोका आणला होता, तो तुझी स्कूटर आली की ओरडायचा. मावशीकडे दिला. मग एक मांजरी, ती तुला बघायला दाराकडे पळायची. दोनदा कशीबशी मागे ओढली. ती पण मावशीकडेच दिली. मग ही आली. तू आलास की ही आवाज करत नाही, आपली आपण पलंगाखाली जाते. शिकवावं लागलं नाही.

आई म्हणाली, गुणाची आहे रे. घराला जुळते.

म्हणजे एक मांजर माझ्यासाठी दाराकडे पळत होतं. याच घरात. ते आता मावशीकडे आहे. मी विचारलं, परत मिळेल का? बायको म्हणाली, आता त्यांना लळा लागला हो तिचा.

गुंडीला हात लावायला गेलो. ती आईच्या खांद्यावरून उतरून आत गेली. वाडगा तिच्यासाठी ठेवला. खांबही ठेवला.

२ एप्रिल, बुधवार

गोडाऊनवाल्याला सांगितलं, मांजर आलं. त्याने जात विचारली. म्हटलं, साधी, पण स्वभाव पारखून घेतलेली.

संध्याकाळी स्कूटर लावली. वर धावपळ सुरू झाली. आता प्लास्टिक नाही, लपवायचं काही नाही, तरी धावपळ झाली. मी खाली उभा राहून ऐकली. आईची पावलं ओळखू येतात, ती उजवा पाय जरा ओढते. म्हणजे गुडघे खरंच दुखतात.

आत गेलो तेव्हा सोफा रिकामा होता. मधल्या गादीला खळगा पडला होता. त्यावर न बसता बाजूला बसलो.

उद्यापासून कोपऱ्यावरच हॉर्न द्यायचा आणि थोडा वेळ खाली थांबून मग वर यायचं. आईला धावायला नको.