सात घरांचं बावखल

पुणे,
११ ऑगस्ट २०२४

ती. शत्रुघ्नकाकांस,
हेमांगीचा सा. न. वि. वि.

तुमचे कान फोनला दाद देत नाहीत आणि मोबाईलवर पाठवलेलं आधी अल्पेशदादा वाचतो, म्हणून हे पत्र. शिवाय ज्यांचा जन्म टपाल खात्यात गेला त्या काकांना सख्ख्या पुतणीने दोन ओळी खरडू नयेत, हे बाबांना बरं दिसत नाही म्हणे.

माझं बरं चाललंय. संगणकावर नकाशे काढायला शिकते एवढंच मी घरी सांगितलं होतं, पण ते वाटलं तेवढं सोपं नाही. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, एकावर रस्ते, एकावर विहिरी, एकावर वाड्या, तसं हे काम. एक कागद जरा सरकला की सगळं फसतं. पहिल्याच आठवड्यात मी अक्षांशाच्या जागी रेखांश घातले आणि आपलं निर्मळ नॉर्वेच्याही वर, समुद्रात जाऊन पडलं. वर्ग हसला. मला घरची आठवण येऊन रडू आलं, ते मात्र कुणाला सांगू नका.

प्रकल्पासाठी मी आपल्याकडची बावखलं घेतली आहेत. वसुंधरा मॅडमना आधी बावखल म्हणजे काय ते सांगावं लागलं. सात घरांनी मिळून खणलेलं तळं, पाळीपाळीनं सगळ्यांच्या केळीच्या वाड्यांना पाणी, आणि मालकी एकट्याची कुणाचीच नाही, हे ऐकून त्या खूश झाल्या. अडचण एकच आहे. उपग्रहाच्या चित्रात आपलं बावखल दिसतच नाही. जलपर्णी इतकी माजली आहे की वरून तीही वाडीच वाटते. तेव्हा जागेवर जाऊन, हातात फोन धरून, काठाकाठानं चालावं लागेल. दिवाळीत येते. तुम्ही बरोबर असाल ना?

काकूला नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहो, ही विनंती.

तुमची,
हेमांगी


निर्मळ,
२५ ऑगस्ट २०२४

चि. हेमांगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. निर्मळ नॉर्वेला गेल्याचं वाचून तुझी काकू म्हणाली, तरीच या वर्षी केळींना हुडहुडी भरली. रडलीस ते मी कुणाला सांगितलं नाही, फक्त तिला सांगितलं, म्हणजे आता गावाला कळलं असेल.

दिवाळीत ये. बावखलाचा काठ मी तुला डोळे मिटून दाखवीन. रहाट होता तेव्हा आपली पाळी पहाटेची असायची. तुझा बाप बैलामागे चालता चालता झोपायचा आणि बैल त्याला घेऊन फिरत राहायचा. हे तुझ्या नकाशात कुठल्या कागदावर बसतं ते तुझ्या बाईंना विचार.

एक सांगतो, हसू नकोस. नकाशाखाली माहिती देणाऱ्याचं नाव घालतात असं ऐकतो. तिथं माझं नाव घाल, पूर्ण घाल. जन्मभर दुसऱ्यांच्या नावांवर शिक्के मारले, माझं नाव कुणी कधी छापलं नाही. आणि आपलं बावखल सगळ्यांत आधी काढ, बाकीच्यांची मागाहून.

तब्येतीला जप. मेसचं जेवण कसलं असतं ते मला ठाऊक आहे. आमच्यावर लोभ ठेव, तो वाढला तर वाईट वाटायचं नाही.

तुझा,
शत्रुघ्नकाका


पुणे,
८ डिसेंबर २०२४

ती. काकांस,
हेमांगीचा सा. न. वि. वि.

नकाशा झाला. पहिलं आपलंच बावखल आहे, निळ्या रंगात, आणि खाली तुमचं नाव वडिलांच्या नावासकट. विभागाच्या संकेतस्थळावर तो कुणालाही पाहता येतो. मॅडम वर्गात म्हणाल्या की इतका नेटका काठ आजवर कुणी आणला नव्हता. मी त्यांना खरं ते सांगितलं, की मी चिखलात घसरून बसले होते आणि काठ आणला तो माझ्या काकांनी, लुंगी खोचून, फोन डोक्यावर धरून. काकू मागच्या दारातून ओरडत होती की पाय गेला तर पुतणीच्या फोनवर शोधायला येणार नाही, हेही सांगितलं.

एक विचारायचं होतं. दिवाळीत अल्पेशदादा चंदनसारच्या नव्या इमारतींतल्या घरांचे फोटो बाबांना दाखवत होता आणि मी आले की दोघे गप्प व्हायचे. काही ठरतंय का? मला कुणी काही सांगत नाही. तुमचंही पत्र नाही.

काकूला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
हेमांगी


निर्मळ,
१२ जानेवारी २०२५

चि. हेमांगीस,
आशीर्वाद.

लिहायला हात उचलत नव्हता. सातही घरांनी वाड्या द्यायचं ठरवलं आहे, बावखलासकट. घेणारा तिथं बंगले बांधणार आहे.

तू लगेच पेटशील, म्हणून आधी ऐक. दिवाळीत तू काठ मोजलास, पाणी चाखलंस का? टँकरवाल्यांनी चहूकडच्या विहिरी उपसल्या आणि खाडी आत शिरली. तुझी काकू म्हणते, हे पानी मोगऱ्याला घातलं तर पान करपतं, माणसाचं काय होत असेल. केळी पोसत नाही. आमच्या अल्पेशला वाडीत उभं राहायचं नाही, त्याला चंदनसारला घर हवं. तो चुकतो असं म्हणायची माझी छाती नाही. मग मी हे कुणासाठी धरून ठेवू?

परवा घेणाऱ्याचा माणूस आला. त्यानं फोनवर तुझा नकाशा उघडून माझ्यापुढे धरला. जमिनीच्या कागदांत तिथं नुसती वाडी आहे, आणि तुझ्याकडे पाणी, खाली माझं नाव. तो म्हणाला, हे असं दिसतंय तोवर परवानगी अडणार, आणि पाणी दाखवणारे तर तुम्हीच. बाकीची सहा घरं माझ्या तोंडाकडे बघत होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं कुणीतरी मागून म्हणालं. मला ऐकू येत नाही असं समजून म्हणालं असेल, पण ते बरोबर ऐकू आलं.

तेवढा निळा तुकडा काढून टाक. जलपर्णीमुळे गफलत झाली, ती वाडीच होती, असं बाईंना सांग. वरून वाडीच दिसते, हे तूच लिहिलं होतंस. एवढं काकासाठी कर. पुन्हा काही मागणार नाही.

तुझा,
शत्रुघ्नकाका


पुणे,
१९ जानेवारी २०२५

ती. काकांस,
हेमांगीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला राग आला, आणि तो लपवून लिहायला मला जमत नाही. पाणी खारट झालं म्हणून तळं बुजवायचं, तर पावसाचं गोडं पाणी मुरायचं कुठून? उरल्यासुरल्या विहिरींनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? हे मी पुस्तकातून शिकले असं म्हणाल. अर्धं पुस्तकातून, अर्धं तुमच्याकडून.

बाबांना फोन केला. सही केली का, असं विचारलं. ते म्हणाले, केली. मग त्यांनी माझी परीक्षा कधी आहे ते विचारलं.

तुम्ही मला जे करायला सांगता ते दोन मिनिटांचं काम आहे. निळ्या तुकड्यावर बोट ठेवायचं आणि पुसायचं. पण मी हे शिकले ते एवढ्यासाठी नाही. जिथं पाणी आहे तिथं मी जमीन दाखवणार नाही. ज्या दिवशी तिथं पाणी नसेल त्या दिवशी रंग बदलेन, त्याआधी नाही. घेणाऱ्याला सांगा, पुतणी ऐकत नाही. ते खरंच आहे, तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही.

काका, तुम्ही एकट्यानं नाही म्हटलंत तर बाकीची घरं थांबतील. तुमचा शब्द कुणी मोडत नाही. मला अजून वाटतं की तुम्ही नाही म्हणाल. माया कमी करू नका, मीही केलेली नाही.

तुमची,
हेमांगी


निर्मळ,
१६ मार्च २०२५

चि. हेमांगीस,
आशीर्वाद.

बावखल भरून झालं.

पहिला डंपर कुणाच्या बाजूनं रिकामा करायचा यावर घरं अडली. कुणालाच ते आपल्या अंगावर नको होतं. शेवटी मी म्हटलं, आमच्या बाजूनं करा. तुझा बाप माझ्या शेजारी उभा होता. माती पडू लागली तशी मासळी वर आली, ती पोरांनी टोपल्या भरभरून नेली. तुझी काकू तेव्हापासून मागचं दार उघडत नाही. मला जेवायला वाढते, पण बसत नाही. आजवर तीच माझे कान होती, आता तीच मला ऐकत नाही.

तुला वाटेल, काकानं लोभापायी केलं. तसं समज. मी तुझ्याकडे थोडं खोटं मागितलं होतं, तेवढ्यात भागलं असतं. कुणी सांगावं, घेणारा पुढे पैशाला अडला असता, पाणी जागच्या जागी राहिलं असतं. तू दिलं नाहीस. पाणी नसेल त्या दिवशी रंग बदलीन, असं तूच लिहून पाठवलंस. ते पत्र मी सातही घरांपुढे वाचून दाखवलं. मग काय करायचं ते कुणालाच विचारावं लागलं नाही.

आता पाणी नाही. तू शब्दाची पक्की आहेस, रंग बदल. आणि खालचं माझं नाव काढ. ते घालायला सांगितलं ती माझी हौस होती, ती फिटली.

वाटलं तर लोभ ठेव, नाही वाटलं तर आग्रह नाही.

शत्रुघ्न


पुणे,
४ मे २०२५

ती. काकांस,
नमस्कार.

मी निर्मळला येऊन गेले. घरी आले नाही. फोन हातात घेऊन भरावाच्या कडेनं चालले. माती अजून बसलेली नाही, पाय घोट्यापर्यंत रुततो. काकूला मागच्या खिडकीत पाहिलं. तिनंही मला पाहिलं असावं, पण तिनं हाक मारली नाही आणि मीही मारली नाही. बाबांना मी आल्याचं सांगितलेलं नाही.

रंग बदलला आहे. आता परवानगी अडणार नाही, सातही घरं सुटली असतील.

प्रकल्पाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले, हेही कळवते. आमच्या विषयात एकाच जागेचे दोन नकाशे, आधीचा आणि नंतरचा, फार मोलाचे मानतात. बाकीच्यांकडे नंतरचेच होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझे दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिले, माझं अभिनंदन केलं आणि पुढे यावर आणखी काम करा म्हणाले. मी आभार मानले.

तुमचं नाव मात्र काढता आलं नाही. आधीच्या नकाशाखाली पाणी दाखवणारे म्हणून ते आहे. नंतरच्या नकाशाखाली तळं बुजवल्याचं कळवणारे म्हणूनही तुमचंच घालावं लागलं, कारण पहिली खबर तुमच्या पत्रानंच आली. परीक्षकांनी विचारलं, हे दोन्ही गृहस्थ एकच का. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, हे माझे कोण लागतात.

मी सांगितलं, गावातले आहेत.

हेमांगी