घाटावर शिंपडलेलं पानी

अकोले, वैशाख, १९४७

आयेस सहादेवाचा दंडवत.

मी खुशाल हाय, काळजी करू नको. खोकलाबी थांबलाय.

काल घाटात सायबलोकांची सालाबादची मोटारींची शर्यत झाली. मला तर शिसारी आली. धूळ उडू नये म्हनून वाडीच्या हिरीचं पानी उपसून सगळा रस्ता भिजवला. बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या, आन हे मेले टाळ्या पिटत्यात!

आपल्या पाथर्डीत पानी हाय का? धाकट्या बनीला एकटीला झऱ्यावर धाडू नको.

आमचा सायब पयला आला. बक्षिसाचा चांदीचा पेला माझ्याकडं देऊन म्हनला, धुऊन आन. हिरीत नुसता गाळ हुता. पेला गाळानं काठोकाठ भरला, त्येच्या मेजावर ठिवला आन माझं गाठोडं बांधलं.

सोमवारी पोचतो. दोन भाकरी जास्त टाक.

तुझा सहादेव