ठिपके एकाआड एक

२ मे १९७४, सांगली

"बाई, आधी भात टाका की आधी भाजी चिरा, जेवण तेच!" — पाटबंधारे खात्याचे हंबीररावसाहेब आज सगळ्यांसमोर हसत म्हणाले. नाथाजीही हसला. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा! इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, म्हणून मावशीला हसायचं?

मी एवढंच विचारलं होतं की गणितं कुठल्या क्रमानं करायची ते आधी ठरवू या का.

कोरेगावकडे पाझर तलावाचा नवा बांध झालाय. त्याच्या पोटातून पाणी किती जोरानं झिरपेल ते काढायचंय. मुंबईच्या संगणकावर नंबर लागायला चार महिने, आणि साहेबांना अहवाल हवा एकतीस मेच्या आत! म्हणून नाथाजीनं मला साताऱ्याहून इथे त्याच्या घरी बोलावून घेतलं. हाताखाली मॅट्रिक झालेल्या बारा बायका. "मावशी, तू तीस वर्षं मुलींना गणित शिकवलंस, बारा जणी तुला जड नाहीत."

जड नाहीतच. पण क्रम?

३ मे

पहिला दिवस. कॉलेजच्या रिकाम्या वर्गात एका ओळीत बारा जणी. बांधाचा उभा छेद मोठ्या कागदावर, त्यावर शहाण्णव ठिपके. कागदाच्या बारा उभ्या पट्ट्या कापल्या — प्रत्येकीला एक पट्टी, आठ ठिपके. हिशेब सोपा: वरचा, खालचा, डावा, उजवा अशा चार शेजाऱ्यांचे आकडे घ्यायचे, सरासरी काढायची, आपल्या ठिपक्यावर लिहायची. सगळे ठिपके झाले की एक फेरी. आकडे हलायचे थांबेपर्यंत फेऱ्या. साधारण पन्नास!

साहेबांचा हुकूम — कागदावर छापलेल्या नंबरानं जायचं. नंबर आडवे, डावीकडून उजवीकडे. म्हणजे पहिलीनं एक ठिपका केला की दुसरी, मग तिसरी. एक करते, अकरा बघतात. एका फेरीला दीड तास! असे नऊ छेद करायचेत. दिवाळी येईल.

शालूबाई कोरेगावची, नवरा फौजेत. जांभई देत म्हणाली, "आवं बाई, हितं बसून पोळ्या लाटल्या असत्या तर पलटणीला पुरल्या असत्या." सगळ्या खिदळल्या. मी रागावले. पण तिचं खोटं कुठे होतं?

४ मे

साहेबांना सांगितलं, हात रिकामे राहतात. ते म्हणाले, "मग सगळ्यांनी एकदम करा! त्यात काय?"

केलं. फेरी आठ मिनिटांत उरकली खरी, पण प्रत्येकीच्या हातात शेजारणीचा मागल्या फेरीचा शिळा आकडा. आकडे नुसते डोलतात, बसत नाहीत. अंदाज काढला — फेऱ्या दुप्पट लागणार. नऊ छेदांना महिना. एकतीस तारीख गाठणं अशक्य.

"उत्तर तेच येणार ना, बाई?" — हो, येणार! जूनमध्ये!

६ मे

सुगराबीनं आज शिस्त मोडली. तिचा बाप इमाम नावाचा, खाटा विणायचा; नवरा शिंपी. पोरगी हुशार आहे, पण स्वतःच्या मनानं वागते. पट्टीवरचे ठिपके एकाआड एक सोडून भरले, आणि शेजारी शालूबाईला उलटे — हिनं सोडलेत तिथले — भरायला लावले. विचारलं तर म्हणे, "बाई, खाटंला नवार विणताना एक पट्टी धरून ठिवायची, दुसरी फिरवायची. मग फिरवलेली धरायची. समद्याच एकदम फिरवल्या तर खाट ढिली पडती."

मी म्हटलं, इथे खाट विणायची नाही. रबर दिलं आणि सगळं पुसायला लावलं. ती पुसत बसली. बाराजणींत शिस्त नको?

७ मे

ऊन. डोकं चढलंय. दुसरा छेदही सुरू नाही.

८ मे

सुचलं! अंघोळ करताना पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळेचं चॅपल — प्रार्थनाघर — डोळ्यांपुढे आलं. फौजेतल्या गोऱ्या साहेबाची चिठ्ठी घेऊन अण्णांनी — माझे वडील, सुभेदार होते ते — मला तिथे घातलं, तेव्हा मी नऊ वर्षांची. संध्याकाळच्या गाण्याला आम्ही दोन बाजूंना उभ्या असू. डाव्या बाजूनं ओळ म्हणायची, उजवीनं ऐकायची. मग त्या ताज्या सुरावर उजवीनं पुढची. एकदा आमच्या मुख्य नन मदर अगाथा आजारी असताना दोन्ही बाजूंनी एकदम गायलो — धाकट्या मुली कुठल्या कुठे वाहवल्या! मेणबत्त्यांचा वास, ओल्या लोकरीच्या स्वेटरचा वास… सगळं आलं.

ठिपक्यांचंही तसंच. बुद्धिबळाच्या पटासारखे दोन रंग करायचे. पिवळ्या ठिपक्याचे चारही शेजारी लाल, लालाचे चारही पिवळे. सगळ्या पिवळ्यांना फक्त लाल आकडे लागतात — मग बारा जणी एकदम पिवळे करू शकतात, कुणीच कुणासाठी अडत नाही. मग ते ताजे पिवळे घेऊन सगळ्या लाल. हात रिकामे नाहीत, आकडा शिळा नाही!

बाजारातून हळद आणली, घरातलं कुंकू घेतलं, पाण्यात कालवून रात्रीच्या आत सगळे कागद रंगवले.

९ मे

फेरी आठ मिनिटांत. आणि फेऱ्या? अंदाजानं पन्नास-पंचावन्न! दीड दिवसात एक छेद होईल. देवा!

समजावून सांगताना वाटलं होतं गोंधळ उडेल. सुगराबीला तर एकदाच सांगावं लागलं. शालूबाई म्हणाली, "बाईंनी हळदीकुंकवाला बोलवलं, पन वाण काय दिलं न्हाई!" एवढ्या हसल्या की शिपाई डोकावून गेला.

१४ मे

तीन छेद पूर्ण, चौथा सुरू. हंबीररावसाहेब आले, आकडे बघितले. "व्वा नाथाजीराव, तुमची युक्ती फर्मास!" नाथाजीनं माझ्याकडे बघितलं आणि कागद चाळू लागला. मीही पट्ट्या गोळा करायला लागले. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

मी साहेबांना सगळं कागदावर लिहून दिलं होतं! क्रमानं उत्तर बदलत नाही, साहेब, हे तुमचं मान्य. पण बारा माणसं एका कामाला लावलीत तर कुणी कुणाची वाट बघायची आणि कुणी नाही, हे क्रमच ठरवतो. भात-भाजीत बाराजणी एकाच चुलीपुढे उभ्या करून बघा एकदा!

२० मे

अहवालाचा कच्चा मसुदा टेबलावर होता. पहिलं पान — "गणनेच्या क्रमाची योजना: प्रा. नाथाजी." माझं नाव कुठेच नाही. आभारातही नाही!

"मावशी, साहेबांनीच लिहिलं. तुझं नाव घातलं तर वरचे विचारतील, ह्या कोण? ह्यांचं पद काय?"

"पद? तुझी चड्डीची नाडी बांधत तुला पाढे शिकवले ते पद!"

"अगं, तुझं नि माझं वेगळं आहे का? घरातलंच झालं."

घरातलंच! बायकांचं सगळं घरातलंच असतं. सरळ सांगितलं — नाव येणार नसेल तर उरलेल्या छेदांना मी येत नाही.

२१ मे

गेलेच. त्या बाराजणी वाट बघत बसल्या असत्या. पण नाथाजीशी बोलले नाही.

२३ मे

पाचगणीत चॅपलच्या अल्टारचं, म्हणजे वेदीवरचं, कापड मी भरलं होतं. सहा महिने, पांढऱ्यावर पांढरा धागा, बोटांना भोकं. बिशप आले त्या दिवशी मदर अगाथांनी कापड भरणारी म्हणून कलेक्टरच्या भाचीचं नाव वाचलं. त्या मुलीनं सुई धरली नव्हती! मी चॅपलमागे सिल्व्हर ओकच्या झाडाखाली जाऊन रडले. मदर मला फार आवडायच्या, अजून आवडतात. पण तेवढं एक विसरता येत नाही.

सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा तेच? नाही. ह्या वेळी नाही. मुंबईच्या मुख्य कचेरीलाच पत्र टाकीन, असं आज साहेबांना तोंडावर सांगितलं. शालूबाई बाकीच्यांना म्हणत होती, "बाईंच्या वाटंला जाऊ नगासा आज, लय तापल्यात."

२५ मे

नऊही छेद पूर्ण. काल सगळे ताडून बघताना सहाव्या छेदात बांधाच्या पायथ्याशी पाण्याचा जोर नको तितका निघाला. तिथे वाळू-खडीचा थर घालायला साहेबांनी सकाळीच गडी धाडले. शालूबाईचं घर त्याच अंगाला आहे. ती येऊन माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं. मला तिथेही माझं नावच आठवत होतं! लाज वाटली. पण खरं तेच लिहिते.

२८ मे

साहेब स्वतः घरी आले. चहा घेतला. "बाई, चुकलं. तुमचंच नाव घालतो." टोपी काढून म्हणाले. माणूस वाईट नाही.

११ जून

छापील अहवाल आला. "गणनेच्या क्रमाची योजना: श्रीमती कुमुदिनी घोरपडे, सातारा." चारदा वाचलं. मग चष्मा पुसून पाचव्यांदा.

वर्गात निरोपाचा चहा केला. अहवाल बाराजणींच्या हातांतून फिरला. शालूबाई म्हणाली, "आता बाई मंत्र्यालाबी वळखायच्या न्हाईत!" सुगराबीनं पहिल्या पानावरून बोट फिरवलं. "लय शोभतंय बाई तुमचं नाव." मग थोड्या वेळानं, हळूच — "माज्या अब्बानं बघाया पायजे व्हतं."

"अब्बानं? का गं?"

"काय न्हाई. असंच."

नाथाजीशी गट्टी झाली. तो ह्यावर कॉलेजच्या नियतकालिकात लिहिणार आहे. म्हणाला, "तुला हे नेमकं कधी सुचलं ती तारीख कळव. तू रोज लिहितेस ना?"

१२ जून, सातारा

तारीख बघायला आज वही उघडली. आठ मे शोधत होते. आधी सहा मे लागली.

माझंच अक्षर. "पट्टीवरचे ठिपके एकाआड एक सोडून भरले…" आणि खाली, "रबर दिलं आणि सगळं पुसायला लावलं."

उद्या पहिल्या गाडीनं परत सांगलीला, सुगराबीकडे.