दोऱ्याने बांधलेली सोळा पानं

सर, खोताच्या खुनाची ती कादंबरी काल माझ्याकडे आली. आपलं गिरगावातलं वाचनालय बंद होतंय. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या मुलाला त्या जागेत चष्म्यांचं दुकान काढायचंय, म्हणून त्याने जुन्या सभासदांना बोलावून सांगितलं, हवं ते घेऊन जा. मी एकच पुस्तक उचललं. तो म्हणाला, "बाई, हे तर पार फाटलंय. वरच्या खणात संस्कृतची पुस्तकं आहेत, तुमच्या कामाची." मी म्हटलं, हेच माझ्या कामाचं आहे. तुम्ही असतात तर भुवई वर गेली असती. ती भुवई सोबत घेऊनच मी दादरला घरी आले आणि पुस्तक उघडलं. समासात तुमची पेन्सिल अजून शाबूत आहे.

तुम्हाला सगळं आठवत असेल, पण तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, विसरण्याची पूर्ण मुभा आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. त्या वाचनालयाच्या मालकांना एकाच गोष्टीचा तिटकारा होता, आधी शेवट वाचणाऱ्यांचा. म्हणून रहस्यकथा आली की तिचा शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानं, ते जाड पांढऱ्या दोऱ्याने बांधून टाकत. मुखपृष्ठाच्या आत एक कोरा कागद चिकटवलेला असे. वाचणाऱ्याने त्यावर आपलं नाव आणि आपला संशयित लिहायचा, मगच गाठ सोडायची. वाचून झालं की दोरा पुन्हा बांधायचा. पुस्तक परत आलं की मालक कागद बघत आणि ज्याचं बरोबर आलं असेल त्याच्या नावापुढे तांबड्या शाईने खूण करत. एरवी कुणाचंही न ऐकणारी आमची अख्खी चाळ हा नियम मात्र सोवळ्यासारखा पाळायची.

आणि ही कादंबरी तर चाळीने अंगावरच घेतली होती. कोकणातलं गाव, पोफळीच्या बागेत मेलेला खोत, आणि संशय यावा अशी माणसं मोजून पाच. रोज दुपारी बायका गॅलरीत तांदूळ निवडायला बसत आणि मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवत असे. मी तेव्हा अकरावीत होते. बाहेर भिंतींवर डांबराने 'मुंबईसह' लिहिलेलं, खाली मोर्चे, वर आमच्यात खोताची भावजय दोषी, खाडीवरचा होडीवाला तरवाला की गावचा वैद्य यावर भांडण. पहिल्या मजल्यावरचे कापड खात्यातले काका गिरणीतून थकून येत, पण चहाआधी विचारत, "वैद्याचं काय झालं गं आज?" शेजारच्या मालवणच्या मावशींना वाचता येत नव्हतं, पण त्यांचा संशय सगळ्यांत पक्का. त्यांनी तिसऱ्याच दुपारी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं: शाळेचे म्हातारे मास्तर. मी हसले. सगळ्याच हसल्या. कारण खोत दिवेलागणीला ओटीवर जिवंत बसलेला पाहिला, ही साक्ष त्या मास्तरांची होती आणि सगळी गोष्ट त्या एका वाक्यावर उभी होती. मावशी तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "मास्तर खोटा बोलणा नाय असा सगळो गाव म्हणता. मगे खोटा बोलूक त्येच्यापेक्षा बरो माणूस खय गावतलो?"

शेवटाची गाठ सोडायला एक दिवस राहिला आणि तुम्ही मला पकडलंत. रविवारच्या सकाळच्या शिकवणीत, तुमच्या खोलीत, मी व्याकरणाच्या पुस्तकात ती कादंबरी धरून वाचत होते. तुम्ही ओरडला नाहीत. हात पुढे केलात, पुस्तक घेतलंत, आणि म्हणालात, "चोराला निदान अंधार लागतो. तू पाणिनीच्या पोटात खून लपवतेस." मुली खाली मान घालून हसल्या. मी कागदावर माझा संशयित, वैद्य, लिहून ठेवला होता; तोही तुम्ही वाचलात आणि पुस्तक आपल्या उशाशी ठेवून दिलंत. मी घरी आले तर गॅलरीत तांदळाची ताटं मांडून बायका तयार. "जप्त झालं," मी म्हटलं. मावशी म्हणाल्या, "आता माका रात्री भात कसो उतरतलो?" दुसऱ्याच दिवशी संचारबंदी लागली आणि चार दिवस कुणीच कुठे जाऊ शकलं नाही. खाली रस्त्यावर शिट्ट्या, पळापळ, आणि वर एक न सुटलेला खून.

त्या चार दिवसांत तुमच्या खोलीत काय चाललं होतं ते मला नंतर समासांनी सांगितलं. त्याआधीची एक गोष्ट आम्हा मुलींना ठाऊक होती, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्याच महिन्यात शाळेने अकरावीचं संस्कृत तुमच्याकडून काढून एका तरुण शिक्षकांना दिलं होतं. तुमच्या डोळ्यांमुळे उत्तरपत्रिकांत चुका होतात, असं कारण होतं. बरोबर उत्तराला तुम्ही शून्य दिलं होतं, तेही मुख्याध्यापकांच्या पुतण्याला. तेव्हापासून तुम्ही शिकवणीत श्लोक सांगत होतात, पण अर्थ विचारत नव्हतात. "असेल, तू म्हणतेस तसंही असेल," म्हणत होतात. तुमच्या तोंडून 'असेल' ऐकणं आम्हाला त्या जप्तीपेक्षा भीतिदायक वाटत होतं.

संचारबंदी उठली तशी मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही भिंग हातात घेऊन बसला होतात आणि चेहरा पूर्वीचा होता. "बस. या लेखकाची भाषा गचाळ आहे," म्हणालात, "परंतु माणूस अगदीच मूर्ख नाही." मग तासभर तुम्ही मला तो खून शिकवलात. पानापानावर टिपणं: 'हेतू दुर्बल', 'येथे लेखक झोपला', 'दिवा कोणी लावला?', 'भावजयीवर आरोप हा पूर्वपक्ष, खोडावा'. सगळ्यांत मोठं टिपण मास्तरांच्या साक्षीपाशी: 'हे आप्तवाक्य. येथून सुरुवात.' आणि विश्वासू माणसाचा तो शब्द प्रमाण धरून तुम्ही पायरी पायरीने वैद्यापाशी पोचलात. धुरावरून अग्नीचं अनुमान शिकवताना तुम्हाला इतकं रंगलेलं मी पाहिलं नव्हतं. वैद्यांवरचा तुमचा राग जुना होता, डोळ्यांत घालायला मिळालेल्या थेंबांपासूनचा, पण तो मी त्या दिवशी बोलून दाखवला नाही. कागदावर तुम्ही सही केलीत, पुढे 'वैद्य' लिहिलंत, आणि वर मावशींच्या नावाकडे भिंग नेऊन विचारलंत, "ही कोण? मास्तरावर संशय घेते?"

"सर, गाठ सोडू?" मी विचारलं.

"मी नाही पाहणार. उत्तर शेवटच्या पानावर शोधणाऱ्याला मी चाळीस वर्षं नापास केलंय. तू वाच आणि मला येऊन सांग. आणि ऐक, मुंबई महाराष्ट्रात येणार आणि वैद्य खुनी निघणार. दोन्ही लिहून ठेव."

मी तुमच्या जिन्यातच बसून गाठ सोडली. सर, खोत दिवेलागणीच्या आधीच मेला होता. त्याला ओटीवर कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं असं मास्तर म्हणाले, एवढंच. शाळेची जागा खोत काढून घेणार होता, आणि चाळीस वर्षांत एकदाही खोटं न बोललेल्या त्या माणसाने सगळी साठवण एका वाक्यात खर्च केली होती. मी ती सोळा पानं दोनदा वाचली. वर पाहिलं तर तुम्ही दारात उभे. चष्मा कपाळावर, पायांत एकच चप्पल. "काय?" तुम्ही विचारलंत. एवढंच. पण मी त्या 'काय'मध्ये काय काय आहे ते ऐकलं. मी म्हटलं, "बरोबर निघालं, सर. वैद्यच."

तुम्ही हसला नाहीत. "अर्थात," म्हणालात आणि दुसरी चप्पल शोधायला आत गेलात.

पुढचं निस्तरणं मला फार महाग पडलं. आधी गॅलरीत खरा शेवट वाचला; मावशी कुणाकडे न पाहता म्हणाल्या, "माका आपला वाटला," आणि भात लावायला उठल्या. मग धावत वाचनालय गाठलं, कारण तुम्ही तुमची तांबडी खूण पाहायला जाणार हे उघड होतं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मावशींपुढे खूण, आणि सरांपुढेही? एका खोताला दोघांनी मारलं म्हणू?"

"कट होता म्हणा."

"आणि पुस्तक पुन्हा मागितलं तर?"

"नाही मागणार. शेवट त्यांना माहीत आहे."

त्यांनी दौत उघडली. म्हणाले, "या दुकानात खून पचण्याची ही पहिलीच वेळ." ती खूण मी काल पाहिली. आता विटकरी झालीय.

पुढे अनुमान शिकवताना तुम्ही वर्षानुवर्षं तो वैद्य वापरलात. 'असेल' गेलं, अर्थ विचारणं परत आलं, चुकले की डोक्यात टपलीही. महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला, त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन आलो तर तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "दोन्ही खरी ठरली की नाही?" मी मान हलवली. दोनांत एक खरं, हा निकाल काही वाईट नव्हता. आता मीही मुलींना तेच शिकवते. आप्तवाक्याशी आले की थोडी अडखळते. तुम्ही मास्तरांचा शब्द प्रमाण मानलात म्हणून चुकलात, आणि मग माझा शब्द प्रमाण मानलात. मी तुम्हाला खोटं बोलेन हा पूर्वपक्षही तुमच्या मनात आला नाही. मावशींच्या आला असता.

हे सांगून झालं, पण एक बाकी आहे. काल त्या कागदावर माझ्याही नावापुढे तांबडी खूण दिसली आणि त्यापुढे स्वच्छ अक्षरात 'मास्तर'. जिन्यात वाचून झाल्यावर, तुम्ही दारात येण्याच्या आधी, मी माझा 'वैद्य' खोडरबराने पुसून तिथे 'मास्तर' लिहिलं होतं. म्हणजे मी तुमच्याशी खोटं बोलले ते तुमच्यासाठी होतं, पण खोटं मी त्याआधीच सुरू केलं होतं, आणि ते माझ्यासाठी. पुसलेली जागा अजून खडबडीत लागते.

पत्र त्या शेवटच्या सोळा पानांत घालून वर दोरा बांधते आहे. तिथे ते तुमच्यापासून सुरक्षित राहील.