दिवेलागणीची फुंकर

रिसोड, चैत्र वद्य पंचमी, १९४२

रंगूनहून बाँबहल्ल्यातून आलेली, आमच्याकडे आश्रयाला ठेवलेली कमळी. वय सात. आमच्या हिने देवापुढे लावलेला दिवा तिने आज फुंकून विझवला. तोंडाने दिवा फुंकणं म्हणजे अभद्रच. मी रागवायला एक श्लोकही काढून ठेवला. हिनेच आधी विचारलं, "काहून फुंकला वं बाई?"

"वरून विमानाला दिसतो. आमच्या आईचा दिसला."

वरणात मीठ कमी आहे, असं सांगावं तसं म्हणाली. म्हणजे तिची आई दिवा लावत असतानाच...? श्लोक मी परत ठेवून दिला.

हिने खिडकीवर गोधडी टांगली आणि तिलाच विचारलं, "आता लावू का वं, माय?"

दिवा लागला आहे. कमळी अंगणात उभी राहून छपराच्या कवेलूंतून उजेड दिसतो का पाहते आहे. जेवायला हाक मारली, तरी आत येत नाही.