एकोणनव्वदाव्या मिनिटाची पेनल्टी

६ मे २०१९, सकाळी
आजपासून रोज पाच पानं. सबबी बंद. आमच्या कारखान्याच्या 'मेटालुल मोगोशेल' फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायला या गावात माझ्याशिवाय आहे कोण? बाकीच्यांचा इतिहास मागच्या रविवारच्या स्कोअरपाशी संपतो. १५ जूनला क्लबला सत्तर वर्षं पूर्ण. त्याआधी पुस्तक छापून तयार.
संध्याकाळी: शून्य पानं. सगळ्या पेन्सिलींना टोक केलं. पूर्वतयारी महत्त्वाची.

१२ मे
मॅच बघितली. शून्य-चार. किळस आली. आमच्या राइट बॅकच्या कानात हिऱ्याची कुडी! चेंडू शेजारून जातो आणि हा केस सावरतो. त्याच जागेवर, दोन नंबरच्या शर्टात, मी अकरा वर्षं खेळलो. माझ्या बाजूने एक तर चेंडू जायचा नाही तर माणूस. दोन्ही कधीच नाही. मागच्या रांगेतले लोक सूर्यफुलाच्या बिया चावत सालं थुंकत होते, थेट माझ्या कॉलरवर. या लोकांसाठी इतिहास लिहायचा! शी.

१५ मे
पहिलं प्रकरण बाजूला. आधी अकरावं, कारण खरा इतिहास तोच. १७ जून १९७९. सीझनची शेवटची मॅच. बरोबरी झाली असती तरी आम्ही पहिल्या डिव्हिजनमध्ये. एकोणनव्वदावं मिनिट, शून्य-शून्य. चेंडू माझ्या छातीला लागला. छातीला! राजधानीहून, बुखारेस्टहून आलेल्या रेफरीने हँडबॉल दिला. पेनल्टी, गोल, खेळ खलास. तेव्हापासून मोगोशेलमध्ये मला कुणी माझ्या पैशाने पिऊ देत नाही. अन्याय झालेला माणूस आहे मी.

२३ मे
घबाड! कारखान्याच्या सिनेक्लबमधला तो कॅमेरावाला वारला, त्याच्या बायकोकडे, लुक्रेत्सियाबाईंकडे, रिळांचे डबे आहेत. एकावर लिहिलंय, १७.६.७९. आता बुखारेस्टला तोंड लपवायला जागा उरणार नाही.
बाई डबा द्यायला तयार नाहीत. म्हणाल्या, "राहू द्या ना सांदूभाऊ. जुनी फिल्म, चालवताना जळून गेली तर? तुमची छाती सगळ्या गावाला पाठ आहे." त्यांच्या चेरीच्या झाडावर तीन तास चढून फळं उतरवली तेव्हा कुठे डबा हातात आला. कंबर गेली. म्हणून आज लेखन नाही.

२७ मे
ठरलं. १५ तारखेला सांस्कृतिक भवनात, अख्ख्या गावासमोर फिल्म दाखवायची. आंगेलला सांगितलं. हा क्लबचा जुना मालिशवाला, अकरा वर्षं माझ्या पोटऱ्या याने रगडल्या. आनंद होईल म्हटलं, तर तोंड पाडून म्हणतो, "सांद्या, आधी एकदा एकटा बघून घे की." कशाला? निर्दोष माणूस पुरावे तपासत बसत नाही. मग म्हणतो, पडद्यावर माणूस जाड दिसतो. जळतोय, दुसरं काय. याच्यावर आयुष्यात कुणी अन्याय केलेला नाही.

३ जून
नगराध्यक्ष म्हणतात, प्रोजेक्टर नाही. मी शाळेच्या अडगळीतून शोधून काढला. मग म्हणतात, हॉल लोकनृत्याला दिलाय. मी नाचणाऱ्या बायकांना भेटून तारीख बदलून घेतली. शेवटी काकुळतीला येऊन म्हणाले, "सांदूकाका, आमचा विश्वास आहे ना तुमच्यावर. पुरावा हवाय कुणाला?" मला हवाय! बुखारेस्टचे हात इथवर पोचलेत असा दाट संशय.
घरी येतो तर डबा गायब. कोबीच्या लोणच्याच्या पिंपामागे सापडला. व्हिओरिका म्हणाली, "अहो, या वयात कशाला?" पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि घरात फितुरी. जेवलो नाही. नंतर जेवलो.

१० जून
आमची टीम तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरली. कुडीवाला रडला. कुडीसकट रडला. बघवेना.
पुस्तक: एकोणीस पानं. त्यातली बारा माझ्या छातीवर. दर्जा मोजावा, पानं मोजू नयेत.

१५ जून, दुपारी
लग्नातला सूट. बटण लागत नाही, उघडा ठेवणार. पडद्यावर छाती दाखवायला लांब काठी घेतली. हॉल खच्चून भरणार. भाषण पाठ आहे. आज चाळीस वर्षांचा निकाल.

१६ जून
फिल्म मुकी आहे. मी काठी घेऊन पडद्याशेजारी उभा. मी दिसलो. केस होते मला. चेंडू उंचावरून आला आणि माझा उजवा हात वर गेला. दोरीवर ओला टॉवेल टाकताना जातो तसा, सरळ. चेंडू तळहातावर बसला आणि खाली पडला.
 काठी कुठे ठेवावी कळेना.
मग मागून आंगेल ओरडला, "चोर! रेफरी चोर!" पाठोपाठ अख्खा हॉल उभा राहिला. चोर, चोर! लुक्रेत्सियाबाई ओरडत होत्या. नगराध्यक्ष खुर्चीवर चढून ओरडत होते. व्हिओरिका सगळ्यात मोठ्याने. मला मिठ्या मारल्या, प्यायला नेलं. मी प्यालो. भाषण केलं नाही.
त्या दिवशी तळहात झोंबला होता. मला आठवत होतं. कायमच आठवत होतं.

२० जून
अकरावं प्रकरण फाडलं. नवीन लिहिलं, एकच वाक्य: 'हात माझा होता, निर्णय बरोबर होता.' लिहून बरं वाटलं. खूप दिवसांनी माझी मला किळस आली नाही.
आंगेलला दाखवलं. म्हणाला, "आम्हाला सगळ्यांना तो हात त्याच दिवशी दिसला होता. खोड ते." मी म्हटलं, खरं आहे ना पण? तर माझ्यावरच उखडला. "सत्तर वर्षांत या क्लबने जिंकलं काय? एक कप दाखव. आपण पहिल्या डिव्हिजनचे होतो, आपल्याला लुटलं, एवढंच आहे गावाकडे. तुला आता मन हलकं करायचंय म्हणून तेही घालवू?"
नगराध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, असलं काही छापणार नाही. व्हिओरिकाला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं सांभाळलं, आता तुम्ही सांभाळा."

२१ जून
वाक्य खोडलं. पुन्हा 'छाती' लिहिलं. चाळीस वर्षं हा शब्द आपसूक यायचा. आज लिहिताना लाज वाटली.