तुम्ही माझी आई झालात तो दिवस

बाई, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी लोणावळ्यातच होते, तरी आले नाही. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

आम्ही नर्सिंग शिकत होतो तेव्हा परीक्षेसाठी वॉर्डातला खरा पेशंट तुम्ही कधी वापरू दिला नाही. 'आजारी माणूस तुमच्या चुका सोसायला आलेला नाही,' म्हणायचात आणि स्वतःच खाटेवर आडव्या व्हायचात. कधी खंडाळ्याच्या घाटात ट्रक उलटून जखमी झालेला ड्रायव्हर, कधी विष प्यालेली नवी नवरी. आवाज, श्वास, नजर, सगळं बदलायचं. आम्ही मुली मागे हसायचो आणि आपली पाळी आली की घामानं भिजायचो.

पहिल्या दिवाळीत सगळ्या घरी गेल्या. मला भाजे गावी, घरी जावंसं वाटेना, मी होस्टेलवरच राहिले. तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात बोलावलंत, गरम भाकरी वाढलीत आणि विचारलंत, 'आई कशानं गेली?' तोवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगत गेले. धाकट्या भावाच्या वेळी रक्त थांबेना, तिला डोलीतून मळवली स्टेशनावर आणलं आणि गाडी यायच्या आत ती फलाटावरच गेली. 'शेवटी काय म्हणाली? कशी म्हणाली? म्हणून दाखव.' मी म्हणून दाखवलं. तुम्ही पाठीवरून हात फिरवलात. मला वाटलं, आपलं कोणीतरी आहे.

मग परीक्षा. पुण्याहून आलेले डॉक्टर खुर्चीत बसलेत, मुली भिंतीशी उभ्या आहेत. मी पुढे होते, तर खाटेवर तुम्ही, हिरव्या लुगड्यात, ओठांना पावडर लावलेली. माझ्याकडे बघून म्हणता, 'बाय, लय गार लागतंय गं. कुटं गेलतीस? हितं पायापाशी बस.' शब्द तेच. हेलही तोच.

मला नाडी बघायची होती, खाटेच्या पायथ्याखाली विटा लावायच्या होत्या, पोट दाबून धरायचं होतं, डॉक्टरांना हाक मारायची होती. यातलं काहीच केलं नाही. पायापाशी बसले आणि तुमचे तळवे चोळत राहिले. तुमचा श्वास मंद होत गेला, डोळे छताला लागले. मग तुम्ही उठून बसलात, केस बांधलेत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, 'गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा तू लहान होतीस. आज तू मारलीस.' कोणीतरी मुलगी फिसकन हसली. मी नापास झाले.

पुढच्या खेपेला निदान दुसरा आजार असेल असं वाटलं होतं. पण खाटेवर तीच होती, तेच लुगडं नेसून. 'बाय, पायापाशी बस.' मी बसले नाही. 'गप पडून राहा मावशी,' म्हणाले आणि पोट इतकं जोरात दाबलं की तुम्ही खरोखर कळवळलात. तरी हात काढला नाही. पास करून दाराशी मला थांबवलंत. 'राग आला ना? तो हातात राहू दे.'

पुढे कार्ल्याच्या दवाखान्यात डोंगरावरच्या वाडीतली एक बाळंतीण पांढरीफटक पडून आली. माझे हात आपोआप चालले. ती वाचली. तिचा नवरा वाकून म्हणाला, 'ताई, तुमी व्हत्या म्हनून.' मला तुम्ही आठवलात आणि तोंड कडू झालं. हे तुम्ही मला भाकरी न वाढताही शिकवू शकला असतात, बाई.

हे पत्र पाठवणार तरी कुठं? पण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. आईचा आवाज आठवायला जाते तेव्हा तो येत नाही, तुमचा येतो. आणि हल्ली तोही पुसट होत चाललाय, म्हणून मी घाबरते.